गाणं चांगलं झालं की अप्पा शिव्या देत

सगळ्यात आधी अप्पांचं लिहितो. लातुरात मला भाकरी मिळाली ती अप्पांमुळं. डोक्यावर पत्रा आला तो त्यांच्यामुळं. आणि आज मी सरकारी खुर्चीत बसत नसलो तरी सरकारी खुर्चीच्या दाराबाहेरच्या स्टुलावर बसतो, तेही त्यांच्यामुळंच. हे आधी लिहून टाकलेलं बरं. पुढं जे येणार आहे ते वाचून कुणी म्हणायला नको, की बिलोलीकडचा माणूस, खाल्ल्या घरचे वासे मोजून राहिला.

नाव लिहीत नाही. लातूरच्या बाजारात 'अप्पा' म्हणून हाक मारली तर निम्मी आडत वळून बघते, तेव्हा ओळख पटायची भीती नाही. उरलेली निम्मी वळत नाही, कारण तिला वाटतं कुणीतरी वर्गणी मागायला आलं.

अप्पा आडत दुकानदार. धोतर, बंडी, कपाळावर विभूतीचे पट्टे. शेतकऱ्यानं माल आणायचा, अप्पांनी तो विकून द्यायचा किंवा मनात भरला तर स्वतःच घ्यायचा, असा त्यांचा धंदा. मी गेलो त्या दुष्काळात मात्र धंद्यातलं फक्त दुकान उरलं होतं. बाजारात पोतं दिसत नव्हतं. आडतीतल्या चिमण्या, ज्या एरवी दाणे खाऊन उडायचाही कंटाळा करायच्या, त्यासुद्धा औशाकडं का कुठं निघून गेल्या होत्या. अशा बाजारात हमाली मागायला मी बिलोली तालुक्यातून आलो. चिमण्यांना जे कळलं ते मला कळलं नव्हतं. मी सातवीत शाळा सोडलेली आहे. शाळेनंही मला फारसं धरून ठेवलं नाही.

बायको आणि रांगती मुलगी गावाकडं होत्या. कायमचं काम लागलं की दोघींना लातूरला आणायचं, एवढाच माझा बेत. निघताना बायको म्हणाली होती, "आणतो आणतो म्हणून ठिवून जाऊ नका." त्या एका वाक्यानं मला पुढचे कितीतरी महिने झोप दिली नाही.

अप्पांनी मला ज्वारी बघावी तसं बघितलं. आधी लांबून, मग जवळून.

"कुठला?"

"बिलोली तालुका."

"काय काय येतंय?"

"काहीच न्हाई येत."

"बोलाय लई येतंय का?"

"न्हाई."

"ऐकाय येतंय?"

"हाव."

"मग ऱ्हा."

मला रिकाम्या गोदामाचा राखणदार नेमलं. ती राखण मी इतकी चोख केली, की गोदामातलं काहीही चोरीला गेलं नाही. खरं काम काय ते आठवड्यात कळलं. अप्पांना गाणं ऐकायचा नाद होता. भजन असो, कव्वाली असो, बाहेरगावाहून आलेला मोठा गवई असो, अप्पा गेले नाहीत असं होत नसे. ऐकून आल्यावर ते कुणाला तरी सांगितलं नाही तर त्यांना अन्न पचत नसे. घरच्यांनी केव्हाच हात टेकले होते. मुलगा जेवणाचं ताट घेऊन आतल्या खोलीत जाई. मग अप्पांनी पगारी कान ठेवला. तो कान मी.

पण एका कानानं त्यांचं भागत नव्हतं. आडतीच्या मागच्या अंगणात त्यांचा हापसा होता, आणि त्या गल्लीत पाणी असलेला तेवढा एकच. सकाळी घागरी, कळश्या, डालड्याचे डबे घेऊन बायकांची रांग लागे. हापशाच्या दांड्याला साखळी आणि कुलूप. अप्पा यायचे, विभूती ओलीच असायची. कुलूप काढायचे आणि कालची मैफल सांगायला लागायचे. पाणी फुकट होतं. फक्त ऐकायचं आणि मधूनमधून हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की अप्पा शांतपणे दांडा धरून उभे राहायचे. हापसता हापसता बायकांना श्वास पुरायचा नाही, म्हणून त्यांच्या वतीनं हुंकार द्यायचं काम माझ्याकडं आलं. सरकार टँकर पाठवायचं तेव्हा पाण्यासाठी भांडावं लागायचं. अप्पांकडं नुसतं सुसंस्कृत व्हावं लागायचं.

अप्पांना रागाची नावं येत नसत, किंवा येत असतील तर ते सांगत नसत. त्यांची भाषा आडतीची.

"कालचा माल ओला हुता," ते म्हणायचे. "वरनं टपोरा दिसतोय, पर मुठीत धरला की गार लागतोय. असला माल पोत्यात भरला की चार दिसात कोंब फुटत्यात."

"हाव," मी म्हणायचो.

"आन् तबलजी मापात मारीत हुता. आम्हाला काय कळत न्हाई वाटलं त्याला."

"हाव."

रांगेत गुलशनबी नावाची शिवणकाम करणारी बाई असायची. ती गल्लीतली सगळ्यात हुशार. अप्पांचं कुलूप तिनंच पहिल्यांदा उघडलं, म्हणजे हापशाचं नव्हे, स्वभावाचं. एका सकाळी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बिलोली, तुझ्या ध्यानात आलं काय? अप्पा ज्याला जास्त गाल्या देतात ना, तोच अच्छा गायलेला असतोय."

मी बघायला लागलो, तर खरंच तसं होतं. ही आडतीतली रीत. चांगला माल समोर आला की चांगला म्हणायचं नाही, म्हटलं की भाव चढतो. मूठभर दाणे घ्यायचे, नाक मुरडायचं, परत पोत्यात टाकायचे, "कुठनं आणलास हे?" म्हणायचं आणि दोन पावलं दुसरीकडं निघायचं. आणि माल हलका असला, घ्यायचाच नसला, की तोंड भरून कौतुक करायचं. "वा, सोनं हाय सोनं. आमची ऐपत न्हाई बाबा, फुडच्या दुकानी दाखीव." जन्मभर हे केल्यावर माणूस बाजारातून उठून मैफलीत बसला तरी जीभ बाजारातच राहते. एका बासरीवाल्याला अप्पांनी आठवडाभर शिव्या घातल्या. गल्लीतल्या बायकांनी तो बासरीवाला कधी पाहिला नाही, पण तो देवमाणूस असणार अशी त्यांची खात्री झाली. उलट एका नावाजलेल्या बुवांबद्दल अप्पा एवढंच म्हणाले, "छान. फार छान." रांगेतल्या एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "अगं बाई, इतकं वाईट."

मैफलीत बसायची त्यांची तऱ्हाही वेगळी. सतरंजीवर बसत नसत, घरून गोणपाट नेत. गाणं रंगायला लागलं की उजवी मूठ पुढं करून बोटं एकमेकांवर घासत, जणू गाण्याचा नमुना तपासतात. टाळी कधी वाजवली नाही. मी एकदा विचारलं.

"टाळी म्हंजे सौदा पक्का," अप्पा म्हणाले. "घरला न्ह्यायचा हाय का तुला गवई?"

आणि गाणं फारच चांगलं झालं तर संपायच्या आधी उठून जात. गवयाला कळता कामा नये. लोकांना वाटे म्हाताऱ्याला लघवीचा त्रास आहे.

आता नव्या जिल्ह्याचं सांगतो, कारण त्याशिवाय साहेब कळणार नाहीत.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. इमारती नव्हत्या, पाणी नव्हतं, पण पाट्या होत्या. एका लॉजच्या तीन खोल्यांत तीन खाती बसत आणि चौथ्या खोलीत गिऱ्हाईक उतरे. अधिकारी लांबलांबून बदलून आलेले. त्यातल्या एका मोठ्या खात्याचे साहेब पुण्याकडचे. लातूरची ऑर्डर निघाली तेव्हा लोक त्यांना घरी भेटायला आले होते म्हणे, कुणी गेल्यावर येतात तसे. साहेबांनी आल्या आल्या पाहिलं की इथं प्यायला पाणी नाही, आणि ताबडतोब संगीत मंडळ काढलं.

मंडळाला जागा हवी होती. गावात एवढं मोठं, छप्पर असलेलं आणि रिकामं एकच ठिकाण होतं, ज्याची मी राखण करत होतो. पाऊस बरा झाला असता तर तिथं तूर राहिली असती. झाला नाही म्हणून संगीत आलं. अप्पांनी गोदाम आनंदानं दिलं. तोंडानं म्हणाले, "नसती ब्याद." त्यावरून मला कळलं की ते किती खूश आहेत.

नुसत्या मैफलींवर साहेब थांबले नाहीत. त्यांनी अभिप्राय बैठक सुरू केली. मैफलीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, त्याच गोदामात सगळ्यांनी जमायचं आणि काल काय वाटलं ते उभं राहून सांगायचं. मैफलीला यायचे त्याहून जास्त लोक बैठकीला येत. बैठकीत चहा असे, आणि त्या साली चहा म्हणजे पाणी. साहेबांच्या कचेरीतले मोठे कारकून दर वेळी "स्वर्गीय" म्हणत. त्यांच्या बोलण्यातून असं वाटे की ते स्वर्गात नेहमी जाऊन येतात, तिथली हजेरीपुस्तकं त्यांच्याकडंच आहेत. एक प्राध्यापक होते, ते काल झालेल्या गाण्यापेक्षा जास्त वेळ घेत आणि काल काय गायलं गेलं ते शेवटपर्यंत कळू देत नसत. एक दात काढणारे डॉक्टर होते. ते म्हणत, "वेदना विसरायला झाल्या." कुणाच्या, ते सांगत नसत. शेवटी अप्पा उठत. सगळ्यांना उत्सुकता अप्पांचीच. "भुसा," अप्पा म्हणत आणि खाली बसत. साहेब मोठ्यानं हसत. त्यांना वाटे हा ग्रामीण विनोद आहे.

अशात साहेबांच्या कचेरीत शिपायाची जागा निघणार असं कळलं. अप्पा मला घेऊन साहेबांकडं गेले.

"ह्याला घ्या," अप्पा म्हणाले. "गप ऱ्हातोय. ऐकून घेतोय. सरकारला आजून काय लागतंय?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलंही नाही. अप्पांकडं बघून हसले. "बघू की. अहो अप्पा, येत्या रविवारी सकाळी आमच्या सौभाग्यवतींचं गाणं ठेवलंय. लग्नाआधी शिकत होत्या. सोमवारी बैठक. तुमच्या शब्दाला गावात वजन आहे."

एवढं बोलून ते कागदात डोकं घालून बसले. सातवीत शाळा सोडलेल्या माणसालाही ते कळलं. अप्पा बाईसाहेबांच्या गाण्याला चांगलं म्हणाले तर मी शिपाई. भुसा म्हणाले तर मी बिलोली.

बाहेर आलो तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. अधिकाऱ्याची बायको, कधीकाळी शिकलेली, इतक्या वर्षांनी गाणार, म्हणजे वाईटच गाणार. वाईट गायली की अप्पा तोंड भरून कौतुक करणार. सगळा हिशेब जमला. तरी शंका नको म्हणून शनिवारी सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन नारळ कबूल केला, की देवा, बाईसाहेबांचा आवाज उद्या बसू दे. देवाकडं असलं मागणं मागणारा त्या दिवशी मी एकटाच असणार. बाकी सगळे पाऊस मागत होते. दोन्ही मागण्यांचं देवानं सारखंच केलं.

रविवारी सकाळी गोदाम भरलं. बाईसाहेब साध्याच होत्या. सुती पातळ, हातात तंबोरा. साहेबांच्या मानानं त्या फार गप्प वाटल्या, कदाचित साहेबांमुळंच. सुरुवात करताना आवाज चिरकला, त्या थांबल्या, खाकरल्या, पुन्हा लावला, पुन्हा हलला. मोठे कारकून डोळे मिटून स्वर्गाच्या वाटेला लागले. माझा जीव भांड्यात पडला. मनातल्या मनात मी बायकोचं आणि पोरीचं एसटीचं तिकीट काढून मोकळा झालो.

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही. बाईसाहेब आमच्याकडं बघायच्या थांबल्या, एवढं दिसलं. आवाज मोठा झाला नाही, उलट बारीक झाला, आणि त्या पत्र्याच्या गोदामात कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसला. मागच्या अंगणात हापसा चालू होता, त्याची कर्रर कर्रर पहिल्यापासून येत होती. ती थांबली. मला वाटलं पाणी संपलं. वळून बघितलं तर मागच्या दारात गुलशनबी उभी, कमरेवर अर्धी घागर, आणि तिच्यामागं सगळी रांग. त्या दुष्काळात, चालू हापसा सोडून.

मी अप्पांकडं बघितलं. मूठ पुढं होती आणि बोटं चालत होती. जोरात चालत होती. मग अप्पा उठले, गोणपाटाची घडी केली आणि गाणं चालू असताना बाहेर निघून गेले.

बाई चांगली गायली होती. माझा सत्यानाश झाला होता.

सोमवारी सकाळी हापशावर अप्पांनी जी सुरुवात केली, तसल्या शिव्या मी आधी कधी ऐकल्या नव्हत्या. बायका खूश होऊन हापसत होत्या. मी हुंकार विसरलो. शेवटी धीर करून बोललो.

"अप्पा, आज बैठकीत चांगलं म्हणाल का?"

"चांगलं म्हणायला काय झालंय? चांगली गायली की ती."

"मंग म्हणाल ना?"

"खुळा का काय तू? चांगल्या मालाला चांगला म्हणत्यात व्हय? मग घ्यायचा कसा?"

"अप्पा, आपल्याला कुठं घ्यायचा हाय?"

अप्पा दांडा हातात धरून उभे राहिले. रांग खोळंबली.

"घ्यायचा न्हाई?" ते म्हणाले.

"न्हाई अप्पा. नुसतं ऐकायचं हाय."

एवढ्या वर्षांत हा मुद्दा त्यांच्यापुढं कुणी मांडला नसावा. ते तसेच आत गेले. दिवसभर दुकानात बसून होते. दुपारची भाकरी तशीच राहिली.

पाच वाजता बैठक भरली. साहेब पहिल्या रांगेत, शेजारी बाईसाहेब. मागं बाजारातले दोन-चार आडते, चहासाठी आलेले. मोठे कारकून म्हणाले, "स्वर्गीय," आणि त्या दिवशी ते स्वर्गाच्याही वर कुठंतरी जाऊन आले, कारण प्रश्न बढतीचा होता. डॉक्टरांच्या वेदना गेल्या. प्राध्यापकांनी गाण्याचा उगम सांगायला घेतला आणि साहेबांनी घड्याळ बघितल्यावर तो मध्येच सोडला. मग अप्पा उठले.

उभे राहिले ते उभेच राहिले. तोंड उघडलं, मिटलं. कपाळावर घाम, विभूती ओघळायला लागलेली. एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"गाणं," अप्पा म्हणाले. "गाणं चांगलं झालं."

मागं एका आडत्यानं दुसऱ्याला हळूच विचारलं, "अप्पाची तब्येत बरी हाय न्हवं?"

"लई चांगलं झालं," अप्पा म्हणाले. एकदा तोंड उघडलंच आहे तर होऊन जाऊ दे, असं त्यांना वाटलं असावं. "असला माल... असलं गाणं म्या ऐकलं न्हाई." आणि ते बसले, घर जळालेल्या माणसासारखे.

साहेबांनी टाळी वाजवली. मी सुटलो असं मला वाटलं, आणि तेवढ्यात माझी नजर बाईसाहेबांवर गेली. त्यांचा चेहरा पडला होता. डोळे भरले होते. त्या उठल्या आणि निघून गेल्या. साहेबांनी टाळी आवरली, काय झालं ते त्यांना कळेना. मग माझ्याकडं असं बघितलं, की जणू रविवारी मीच गायलो होतो.

झालं होतं ते असं. बाईसाहेबांची पोलकी गुलशनबी शिवायची. शनिवारी माप घ्यायला गेली तेव्हा तिनं मोठ्या मायेनं सांगून ठेवलं होतं, "बाईसाब, बाकीचे लोक काय बी बोलू द्या. अप्पानं गाली दिली तर समजा तुम्ही जिंकल्या. आन् अच्छा बोल्या, तर मंग गाना बंद करा." बाई दोन दिवस शिवीची वाट बघत बसल्या होत्या. एवढ्या जणांच्या स्वर्गात त्यांना खरं तेवढं एक माणूस सांगणार होतं, आणि त्या माणसानं, माझ्या पोटासाठी, त्यांना चांगलं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला. शिपायाच्या जागेचं आता पुढं कधीतरी बघू. आणि बाईसाहेबांनी तंबोरा गवसणीत घालून माळ्यावर टाकायला सांगितला, असं गुलशनबी रडत रडत सांगून गेली.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता मलाच निघायला सांगतील. त्यांनी टोपी घातली. "चल," म्हणाले.

साहेबांचा भाड्याचा बंगला औसा रोडच्या बाजूला. साहेब कचेरीत गेलेले. आतून निरोप आला, बाईसाहेबांना बरं नाही. अप्पा अंगणात, उन्हात उभे राहिले आणि बंद खिडकीकडं बघून त्यांनी सुरू केलं.

"बाई, तुमच्या मालाचं सांगाय आलो. सुरवातीचं अर्धं पोतं निव्वळ भुसा. घसा खाकरायला लोकास्नी बोलवत्यात व्हय? घरी खाकरून यावं. तंबोराबी जरा उतरलेला. मग मधी कुठं दाणा लागला. लागला तर लागला, माणसानं मापामापानं ओतावं का न्हाई? तुमी एकदम रासच ओतली. आमच्यासारख्या म्हाताऱ्या माणसानं करावं काय? उठून गेलो मी. का गेलो? बसलो असतो तर तोंडातनं वा गेली असती. आजपातूर कुणाच्या मालाला गेली न्हाई. घरी भाकरी गोड लागली न्हाई, ते येगळंच. बाया हापसा सोडून उभ्या. पानी वाया गेलं, दुष्काळात. कुणी भरून द्यायचं? असलं गाणं गावात परत झालं तर बाजार बंद करावा लागंल. नुसकान हाय हे लोकाचं."

खिडकी उघडली होती. मग दार उघडलं. बाईसाहेब पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले होते.

"आणखी?" त्या म्हणाल्या.

"आणखी लई हाय. आधी पानी द्या."

त्यांनी आतून तांब्या आणला, काठोकाठ भरलेला. त्या महिन्यात अख्ख्या लातुरात पाहुण्याला कुणी तेवढं पाणी दिलं नसेल. अप्पा पायरीवर बसले आणि ऊन कलेपर्यंत शिव्या देत राहिले. बाईसाहेब समोर बसून ऐकत होत्या. कुठल्या जागेला अप्पांची बोटं थांबली, कुठं जोरात चालली, ते त्यांनी खोदून खोदून विचारलं. मी आपला हाव म्हणत होतो. सवय.

आठ दिवसांनी मला कचेरीत बोलावलं. साहेबांनी रोजंदारीवर घेतलं. कुणाच्या सांगण्यावरून ते त्यांनी सांगितलं नाही, पण तोंडावरून दिसत होतं की रात्रीच्या जेवणात शांतता हवी असेल तर दुसरा इलाज नव्हता. महिन्याभरात मी बायकोला आणि पोरीला घेऊन आलो. अप्पांनी आडतीमागची खोली आम्हाला दिली, भाडं घ्यायला नकार दिला, आणि बायकोच्या हातची भाकरी खाऊन म्हणाले, "असली भाकरी जनावरं बी खायची न्हाईत." ती रडायला लागली. तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

इथं गोष्ट संपली असती तर माझ्या जिवाला बरं वाटलं असतं. पण पुढच्या साली पाऊस झाला आणि बाजारात पोती आली. चाकूरचा एक शेतकरी चांगली तूर घेऊन अप्पांच्या दारात आला. अप्पांनी मूठभर घेतली, नाक मुरडलं, म्हणाले, "ओल हाय."

शेतकरी हसला. "ऱ्हाऊ द्या अप्पा. त्या बाईच्या गाण्याला सगळ्यांम्होरं चांगलं म्हणलाव म्हणं तुमी. चांगला माल तुमाला कळतोय, आन् तसं बोलताबी येतंय. आता तुमच्या नाक मुरडण्याला काय अर्थ ऱ्हायलाय?" आणि तूर उचलून पुढच्या दुकानी गेला.

ही हकिगत अप्पांनीच मला सांगितली, मैफल सांगावी तशी. मला बोल लावला नाही. पण मी बघत होतो. बाजारात त्यांच्या नाक मुरडण्याचा वचक गेला तो गेलाच. कोवळी पोरं त्यांच्याशी घासाघीस करायला लागली. दोन वर्षांत अप्पांनी गादी मुलाकडं दिली. आज कुणी म्हणेल, वय झालं होतं. मला माहीत आहे काय झालं होतं. एका माणसाला स्टुलावर बसवण्यासाठी दुसरा माणूस गादीवरून उतरला.

मी कायम झालो, मग बदली होऊन नांदेडला आलो. साहेब केव्हाच पुण्याला गेले. लातुरात त्यांनी संस्कृती रुजवली, असं त्यांच्या निरोपसमारंभात मोठे कारकून म्हणाले. गोदामात आता सोयाबीन असतं. बाईसाहेब पुढं कुठं गायल्या ते मला कळलं नाही, पण तंबोरा माळ्यावरून उतरला होता, एवढं गुलशनबीनं कळवलं.

नांदेडला मैफली होतात. मी जातो, मागं बसतो. कळत अजूनही नाही. गेल्या दिवाळीत अप्पांना भेटलो तर ते खाटेवर होते. गुडघे गेलेत, आणि कानही. मोठ्यानं बोललं तरच पोचतं. मुलगा म्हणाला, आता त्यांना ऐकू येत नाही म्हणून कुणी काही सांगत नाही, आणि ते जे सांगतात ते कुणी ऐकत नाही. मी चहा घेतला, पाया पडलो आणि सुट्टी नाही म्हणून त्याच दिवशी परतलो. सरकारी माणसाला सुट्टी नसते असं म्हणायची पद्धत आहे.

रजा शिल्लक आहे माझी, भरपूर. एक दिवस जाईन. एका दिवसासाठी नव्हे, सगळी रजा काढून जाईन. आजवर नांदेडला जे जे ऐकलं ते अप्पांच्या कानाशी बसून एकेक करून सांगेन, ओरडून सांगेन, गल्लीनं काय समजायचं ते समजावं. मला सांगता धड येत नाही, पण ते म्हणतील तेवढे दिवस सांगेन. मध्येच उठणार नाही. हे त्यांचं देणं आहे, आणि ते मी फेडीन.